डोळ्यातून सारखं पाणी गळतंय? अश्रुनलिकेच्या ऑपरेशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात डोळ्यांची डॉक्टर आहे. "डोळा गळतोय" ही तक्रार ऐकल्याशिवाय ओपीडीचा एक दिवस जात नाही. करवीर, शिरोळ, गडहिंग्लज, अगदी निपाणीकडूनही फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून ते विचारणाऱ्यांच्याच शब्दांत इथे एकत्र लिहून ठेवले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. मात्र हे वाचलं म्हणून डोळा दाखवायचा राहू नये, एवढी विनंती.

१. अश्रुनलिका म्हणजे नेमकी कुठली नळी? ती तुंबते कशी?

डोळ्याच्या वर, बाहेरच्या बाजूला अश्रुग्रंथी असते. तिथलं पाणी पापण्यांच्या उघडझापीबरोबर डोळाभर पसरतं आणि नाकाकडच्या कोपऱ्यात जमतं. आरशासमोर उभं राहून खालची पापणी जराशी बाहेर ओढा. नाकाच्या बाजूला, काठावर, सुईच्या टोकाएवढं एक छिद्र दिसेल. वरच्या पापणीलाही तसंच असतं. या दोन छिद्रांतून दोन बारीक नळ्या निघतात आणि अश्रुपिशवीत येतात. पिशवीच्या तळातून मुख्य नळी निघते, ती हाडाच्या बोगद्यातून खाली उतरून नाकात उघडते. रडलं की नाक वाहतं ते याच वाटेमुळे.

मोठ्या माणसांत बहुतेक वेळा ही मुख्य नळी तुंबते. आतल्या अस्तराला वर्षानुवर्षं थोडी थोडी सूज येत राहते आणि वाट आकसत जाते. चाळिशी-पन्नाशीनंतरच्या बायकांत हे जास्त दिसतं, कारण त्यांचा हाडाचा बोगदा मुळातच अरुंद असतो. नाकाला बसलेला जुना मार, सायनसची दुखणी, डोसिटॅक्सेलसारखी काही कॅन्सरची औषधं, थायरॉइडसाठी दिलेलं किरणोत्सारी आयोडीन यांनीही नळी बंद होऊ शकते. तान्ह्या बाळांचं कारण वेगळं असतं, ते प्रश्न ७ मध्ये आहे.

२. पाणी येतं म्हणजे नळीच बंद आहे असं समजायचं का?

नाही. गुऱ्हाळाच्या धुरात, गाडीवर वाऱ्यात किंवा कांदा चिरताना येणारं पाणी म्हणजे डोळ्याने स्वतःचा केलेला बचाव. अ‍ॅलर्जीचं पाणी येतं तेव्हा सोबत खाज असते. खालची पापणी सैल होऊन बाहेर वळली असेल, पापणीचा केस बुबुळाला घासत असेल, चेहऱ्याला अर्धांगवायू झाला असेल, तरी डोळा गळतो.

लोकांना सर्वांत नवल वाटतं ते कोरड्या डोळ्याचं. डोळा कोरडा पडला की तो चुरचुरतो आणि मग एकदम पाण्याचा लोट येतो. अशा माणसाची नळी साफ असते. त्याचं ऑपरेशन केलं तर दुखणं वाढेलच. म्हणून तपासणी आधी, ऑपरेशनचं बोलणं नंतर.

३. नळी बंद आहे हे डॉक्टरांना कसं कळतं? मशीनवर दिसतं का?

बहुतेकांना मशीन लागतच नाही. आधी आम्ही नाकाकडच्या कोपऱ्यात, पिशवीवर, बोटाने हलकेच दाबतो. पापणीच्या छिद्रातून पू किंवा चिकट पाणी उलटं वर आलं तर खाली वाट बंद आहे हे तिथेच कळतं. हे दाबून पाहणं मी कुठल्याच पेशंटला चुकवत नाही.

काही उलटं आलं नाही तर सिरिंजिंग करतो. डोळ्यात बधिर करणारा थेंब घालून, बोथट बाकदार सुईने खालच्या छिद्रातून थोडं सलाईन सोडतो आणि विचारतो, "घशात काही आलं का?" वाट मोकळी असेल तर माणूस आवंढा गिळतो आणि म्हणतो, "खारट लागलं." वाट बंद असेल तर तेच पाणी वरच्या छिद्रातून बाहेर येऊन गालावर ओघळतं. कुठल्या छिद्रातून उलटं आलं आणि त्यात पू होता का, यावरून अडथळा कुठे आहे याचाही अंदाज बांधता येतो. सिरिंजिंग दोन-तीन मिनिटांत होतं. नाकाला मार लागलेला असेल किंवा गाठीची शंका असेल तरच सीटी स्कॅन सांगतो. नाकात दुर्बीण घालून पाहणं मात्र ऑपरेशनआधी हवंच.

४. दुखत काहीच नाही, नुसतं पाणी येतं. पदराने पुसते आणि कामाला लागते. ऑपरेशन केलंच पाहिजे का?

नुसतं स्वच्छ पाणी येत असेल, दाबल्यावर पू येत नसेल, तर घाई नाही. त्रास किती होतो हे बघून तुम्ही ठरवा.

पण पिशवी दाबल्यावर पू येत असेल, रोज सकाळी चिपडं येत असतील, तर माझं म्हणणं एकच आहे: हे अंगावर काढू नका. आपल्याकडे याला लासरू म्हणतात. पिशवीत पाणी साचतं, त्यात जंतू वाढतात आणि तो पू दिवसभर डोळ्यात झिरपत राहतो. साधारण दिवशी डोळा ते सोसतो. बुबुळाला ओरखडा गेला की मात्र सोसत नाही.

आणि आपल्या जिल्ह्यात ओरखडा जायला कितीसा वेळ लागतो? उसाचं पातं करवतीसारखं असतं. भांगलताना, पाला काढताना, तोडणीत ते डोळ्यावर फटकन बसतं. पिशवी निरोगी असलेल्या बाईची अशी जखम वेळेवर औषध घातलं तर बहुधा चार दिवसांत भरून येते. पिशवीत पू असलेल्या बाईच्या त्याच जखमेत जंतू शिरतात आणि एक-दोन दिवसांत बुबुळावर पांढरं फूल दिसायला लागतं. अशी एक मावशी मला आठवते. सहा वर्षं डोळा पुसत होती, "दुखत नव्हतं की ओ" म्हणाली. तिची नजर पूर्ण परत आणता आली नाही. म्हणून शेतात राबणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, कारखान्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी लासरूचं ऑपरेशन उरकून घ्या.

५. आईला मोतीबिंदूच्या शिबिरातून परत पाठवलं. "आधी नळीचं ऑपरेशन करा" म्हणाले. असं का?

बरोबर केलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळा उघडून आत भिंग बसवतात. शेजारच्या पिशवीत पू असताना डोळा उघडला तर जंतू आत जाऊ शकतात, आणि डोळ्याच्या आत झालेल्या पूने नजर कायमची जाऊ शकते. आधी पिशवीचा बंदोबस्त, मग साधारण चार ते सहा आठवड्यांनी मोतीबिंदू. आईला समजावून सांगा, तेवढ्या दिवसांत मोतीबिंदू काही पळून जात नाही.

६. डोळ्याच्या कोपऱ्यात लाल, ठणकणारी गाठ आली आहे, तापही आहे. लगेच ऑपरेशन करतात का?

लगेच दवाखान्यात या, पण नळीचं ऑपरेशन त्या दिवशी होत नाही. पिशवीत अचानक पू भरून ती फुगलेली असते. आधी प्रतिजैविकं, दुखण्याची गोळी, कोमट शेक. गाठ पिकली असेल तर छोटा छेद देऊन पू काढतात. सूज पूर्ण ओसरल्यावर, साधारण दोन-तीन आठवड्यांनी, मुख्य ऑपरेशन. गाठ बसली म्हणून पेशंट परत येतच नाहीत, हा आमचा नेहमीचा अनुभव. नळी बंदच राहिलेली असते, त्यामुळे गाठ पुन्हा येते.

घरी गाठ दाबू नका, सुईने फोडू नका, वर चुना-हळद थापू नका. आपोआप फुटलेल्या गाठीच्या जागी कधी कधी कायम वाहणारं भोक राहतं. पापणी उघडत नसेल, डोळा पुढे आल्यासारखा वाटत असेल किंवा दोन दोन दिसत असेल तर सकाळची वाट न पाहता रात्रीच निघा.

७. बाळ महिन्याचं आहे. एका डोळ्यातून पाणी आणि चिपडं. एवढ्या लहान जिवाचं ऑपरेशन करावं लागेल का?

बहुधा नाही. नळीच्या नाकातल्या तोंडाशी एक पातळ पडदा असतो. तो जन्माच्या आसपास फाटायचा असतो, काही बाळांत फाटायचा राहतो. वर्षाच्या आत सुमारे १० पैकी ९ बाळांची नळी आपोआप मोकळी होते. तोवर तुमचं काम मालिशचं.

मालिश म्हणजे गालावरून हात फिरवणं नव्हे, आणि इथेच सगळे चुकतात. नखं कापा, हात धुवा. करंगळी किंवा तर्जनी बाळाच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर, नाकाच्या हाडाला टेकवून ठेवा. तिथे थोडा दाब द्या आणि दाब तसाच ठेवून बोट नाकाच्या कडेने खाली ओढा. बोटाखालची कातडी क्षणभर पांढरी पडावी, इतपत दाब हवा. असं एका वेळी ५ ते १० वेळा, दिवसातून तीन-चार वेळा. दूध पाजतानाची वेळ सोयीची, बाळ शांत असतं. पिशवीतलं पाणी खाली ढकलून त्याच्या दाबाने पडदा फोडायचा, हा यामागचा हेतू. ही पद्धत १९२३ मध्ये क्रिगलर यांनी मांडली आणि आजही पहिला उपाय हाच. आज्जींनाही शिकवा, कारण घरात बाळाला तेल लावणारे हात त्यांचे असतात.

चिपडं उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसा. डोळा लाल असेल तरच थेंब, तेही डॉक्टरांनी दिलेले. काजळ नको, अंगावरचं दूध डोळ्यात पिळणं नको, एरंडेल नको.

थांबायचं नाही अशी लक्षणं: जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच भरपूर पू, कोपऱ्यात निळसर फुगवटा, त्यातही बाळाला दूध पिताना श्वास अपुरा पडत असेल तर, किंवा बाळ उजेडाला डोळे घट्ट मिटतं आणि बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसतं. हे शेवटचं काचबिंदूचं लक्षण असू शकतं. तिथे मालिश करत बसलात तर नजर जाईल.

८. मुलगी सव्वा वर्षाची झाली, मालिश करूनही पाणी थांबलं नाही. आता काय?

आता प्रोबिंग. लहान भूल देऊन, पापणीच्या छिद्रातून बारीक बोथट तार नळीतून खाली नेतात आणि तो पडदा उघडतात. कुठे कापत नाहीत, टाके नाहीत, मुलगी त्याच दिवशी घरी येते. बहुतेक मुलांना एकदाच पुरतं. नाही पुरलं तर दुसऱ्यांदा, तेव्हा सोबत सिलिकॉनची नळी घालतात (प्रश्न १४). मोठं ऑपरेशन मुलांना क्वचितच लागतं. "पाच वर्षांची होऊ दे, मग बघू" असं मात्र करू नका.

९. थेंब, गोळ्या, आयुर्वेदिक काही? ऑपरेशनशिवाय नळी उघडत नाही का?

थेंबांनी पू कमी होतो, नळी उघडत नाही. थेंब थांबले की पू परत येतो. मोठ्या माणसांत पुन्हा पुन्हा सिरिंजिंग करून किंवा तार घालूनही पूर्ण बंद नळी टिकाऊ उघडत नाही. बाळांना चालतं ते मोठ्यांना चालत नाही, कारण मोठ्यांत पडदा नसतो, अख्खी वाट आकसलेली असते.

१०. डीसीआर म्हणजे काय करतात?

डीसीआर (डॅक्रिओसिस्टोऱ्हायनोस्टॉमी) म्हणजेच वर म्हटलेलं मोठ्या माणसांच्या नळीचं मुख्य ऑपरेशन. यात तुंबलेली नळी साफ करत बसत नाहीत. अश्रुपिशवी आणि नाक यांच्यामध्ये एक पातळ हाड असतं. त्या हाडात साधारण १० ते १५ मिलीमीटरची खिडकी पाडतात आणि पिशवीचं अस्तर नाकाच्या अस्तराला जोडतात. पाणी मग जुन्या नळीत न उतरता थेट नाकात जातं. पाटाचं जुनं दार गाळाने भरलं की आपण बांध फोडून शेजारून पाणी काढतो, तसंच.

कल्पना जुनी आहे. नाकातून हे करण्याचा मार्ग कॉल्डवेल यांनी १८९३ मध्ये दाखवला, बाहेरून छेद देऊन करण्याचा इटलीच्या तोती यांनी १९०४ मध्ये.

११. बाहेरून चांगलं की नाकातून दुर्बिणीने?

बाहेरून केलं तर नाकाच्या कडेला एक-दीड सेंटिमीटरचा छेद येतो. नाकातून केलं तर बाहेर काहीच दिसत नाही. दुर्बिणीची पद्धत १९८९ पासून रुळली. अनुभवी हातांत दोन्हींचं यश जवळपास सारखं, शेकड्यात साधारण ८५ ते ९५. नाकाचा पडदा वाकडा असेल तर नाकातून जाताना तोही त्याच वेळी सरळ करता येतो. पिशवीत गाठीची शंका असेल तर मी बाहेरूनच करते, कारण सगळं उघड दिसतं. एरवी तुमचा सर्जन जी पद्धत रोज करतो ती निवडा. "लेसरने करा" असा आग्रह बरेच जण धरतात, पण लेसरने पाडलेली वाट बंद होण्याचं प्रमाण जास्त आहे.

१२. व्रण राहील का? मुलीचं लग्न ठरायचं आहे.

बाहेरच्या छेदाची रेघ सुरुवातीला लालसर दिसते आणि सहा महिन्यांत बहुतेकांत कातडीच्या सुरकुतीत मिसळून जाते. तरीही काळजी वाटत असेल तर नाकातून करून घ्या. पण व्रणाच्या भीतीने पू तसाच ठेवू नका.

१३. भूल कसली देतात? मला शुगर, बीपी आहे आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे.

मोठ्यांत बहुधा जागा बधिर करूनच होतं, जोडीला गुंगीचं औषध. घाबरणाऱ्यांना पूर्ण भूल. वेळ साधारण पाऊण ते एक तास. हाड फोडताना कट्‌कट्‌ असा आवाज कानात येतो, दुखत नाही. हे आधी सांगितलं नाही तर माणूस दचकतो, म्हणून मी टेबलावर घेण्याआधी प्रत्येकाला सांगते.

नाकाच्या अस्तरात रक्तवाहिन्या दाट असतात, त्यामुळे बीपी ताब्यात नसेल तर रक्तस्राव वाढतो. बीपीची गोळी ऑपरेशनच्या सकाळीही घ्या. शुगर आटोक्यात हवी, जखम भरायला आणि जंतू टाळायला. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांबद्दल एकच नियम: स्वतःहून बंद करायची नाही. ती लिहून देणाऱ्या हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा, आम्ही दोघं मिळून ठरवतो. अलीकडेच स्टेंट बसवला असेल तर ऑपरेशनच पुढे ढकलतो.

१४. ऑपरेशनमध्ये "नळी टाकली" म्हणाले. ती कायम राहते का?

नाही. ती सिलिकॉनची, शेवईसारखी बारीक नळी असते. नवी वाट भरताना चिकटू नये म्हणून ठेवतात. सगळ्यांना लागत नाही. डोळ्याच्या कोपऱ्यात दोन छिद्रांमध्ये तिचा छोटा पूल दिसतो. साधारण सहा आठवडे ते तीन महिन्यांनी ओपीडीतच काढतात. डोळा चोळताना कधी तिचा फास बाहेर येतो. तसं झालं तर ओढू नका आणि कापू तर मुळीच नका. गालाला चिकटपट्टीने चिकटवून या.

१५. घरी गेल्यावर काय जपायचं?

नाकात बोळा असेल तर तो बहुधा दुसऱ्या दिवशी काढतात. एक-दोन दिवस नाकातून रक्ताळ पाणी येतं, ते चालतं. लाल रक्ताची धार लागली आणि नाक चिमटून, पुढे वाकून बसूनही थांबली नाही तर लगेच या.

दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. उशाला दोन उशा. पहिला दिवस चहा कोमट, अन्न गार. तांबडा रस्सा आठवडाभर लांब ठेवा: वाफेने आणि तिखटाने नाक वाहतं, नाक वाहिलं की माणूस न कळत शिंकरतो आणि रक्त सुरू होतं. टाके पाच ते सात दिवसांनी. थेंब आणि नाकाचा फवारा सांगितलेले पूर्ण दिवस. तपकीर आणि मिश्री बंद, विडी-सिगारेटही.

घरकाम आठवड्यात, शेतातलं जड काम तीन-चार आठवड्यांनी. पोहणं महिना-दीड महिना नाही. तालमीत जाणाऱ्या पोरांनी सहा आठवडे मातीत उतरू नये. जोर-बैठकाही डॉक्टरांना विचारून. चैत्रात जोतिबाला जायचं असेल तर ऑपरेशनची तारीख त्या हिशेबाने घ्या. ओल्या जखमेवर आणि नाकात गुलाल जाणं बरं नाही.

१६. सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत. डॉक्टर म्हणाले, "पिशवीच काढून टाकू." मग पाणी थांबेल का?

पू थांबेल, पाणी थांबणार नाही. पिशवी काढली की साठायला जागा उरत नाही, म्हणून जंतूंचा धोका जातो. पण वाटही कायमची बंद होते. हे ऑपरेशन छोटं असतं, रक्त कमी जातं. वय फार झालेलं, हृदय अशक्त आणि मोतीबिंदू थांबलेला, अशा वेळी तो योग्य निर्णय असतो. चाळिशीतल्या माणसाला कुणी हाच सल्ला दिला तर मात्र दुसरं मत घ्या.

१७. डीसीआर केलं आणि तरी पाणी येतंय. फसलं का?

पहिले काही आठवडे सूज असते, तेव्हा घाई नको. त्यानंतर सिरिंजिंग करून बघतो. सलाईन घशात जात असेल तर पाण्याचं कारण दुसरं (प्रश्न २). जात नसेल तर खिडकीवर नवं मांस वाढलं असेल किंवा ती चिकटली असेल. नाकातून दुर्बिणीने ती पुन्हा मोकळी करता येते. खात्री १०० टक्के कुणी देत असेल तर सावध व्हा.

१८. मला सांगितलं की पिशवी ठीक आहे, वरच्या बारीक नळ्याच बंद आहेत. माझं डीसीआर का करत नाहीत?

कारण पाणी पिशवीपर्यंतच पोचत नाही. छिद्र नुसतं आकसलं असेल तर ते ओपीडीतही रुंद करता येतं. बारीक नळ्या बऱ्याच लांबीपर्यंत बंद झाल्या असतील तर डोळ्याच्या कोपऱ्यातून नाकापर्यंत काचेची छोटी नळी बसवतात, जोन्स ट्यूब. ती आयुष्यभर सांभाळावी लागते, सरकते, तुंबते. त्रास फार असेल तरच मी सुचवते.

म्हशीचं शिंग, कुत्र्याचा चावा किंवा गाडीवरून पडून पापणी आतल्या कोपऱ्यात फाटली तर ही बारीक नळी तुटलेली असू शकते. एक-दोन दिवसांत सिलिकॉनची नळी घालून जोडली तर ती वाचते. नुसते वरवर टाके घालून घेऊ नका.

१९. पाण्यात रक्त दिसतं. काळजीचं आहे का?

हो. रक्ताळ पाणी, दाबली तरी न बसणारी घट्ट गाठ, किंवा डोळ्याच्या कोपऱ्याच्या आडव्या रेषेच्या वर गेलेली सूज, यांपैकी काहीही असेल तर आधी स्कॅन आणि तुकड्याची तपासणी. पिशवीत क्वचित गाठ किंवा कॅन्सर असू शकतो.

२०. खर्च झेपणार नाही. कुठे जावं?

छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे आपल्या सीपीआरमध्ये, सकाळच्या ओपीडीत नेत्र विभागात दाखवा; नाक-कान-घसा विभाग तिथेच आहे. खाजगी दवाखान्यात जाणार असाल तर तो महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का आणि हे ऑपरेशन त्यात बसतं का, हे रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

२१. ऑपरेशनला वर्ष झालं. पाणी थांबलं, पण नाक शिंकरलं की डोळ्यातून हवा येते. काही बिघडलंय का?

काही बिघडलं नाही. पूर्वी मधे असलेली झडपेसारखी घडी आता राहिली नाही, म्हणून नाकातली हवा नव्या खिडकीतून वर येते. वाट उघडी असल्याची ती खूण आहे. एका वेळी एकच नाकपुडी, हलकेच शिंकरा, आणि शिंकरताना कोपऱ्यावर बोट ठेवा. घोरण्याच्या त्रासावर रात्री सीपॅपचं (मास्कमधून दाबाने हवा सोडणारं) मशीन लावणाऱ्यांना मात्र याने डोळा कोरडा पडू शकतो. त्यांनी मशीन देणाऱ्या डॉक्टरांना ऑपरेशन झाल्याचं सांगून मास्क आणि दाब तपासून घ्यावा. तोवर झोपताना डोळ्यात घालायला मी जेल लिहून देते.